पुसलेला लाल पट्टा

१

मिसेस हॉब्डे जिथे मेली ती जागा इतकी देखणी होती की ऑडेलियाला तिची शिसारी आली. पांढरी स्वच्छ वाळू, तीही दाताळ्याने विंचरलेली. समोर निळं पाणी, मागे हिरवी झाडी. आणि मधोमध, फुलाफुलांच्या झग्यात, ती म्हातारी बाई पाय पोटाशी घेऊन पडलेली. ओठ सुजून चेहऱ्याबाहेर आले होते. मानेवर आणि खांद्यावर उकळतं पाणी ओतल्यासारखे फोड होते.

रात्रीचा पाऊस अजून पानांवरून ठिबकत होता. ऑडेलियाने टोपीवर प्लास्टिकची पिशवी ओढली आणि फांद्यांच्या बाहेरच उभी राहिली. पेती सुझान बेटावरचं कुणीही पावसात या झाडाखाली जात नाही. मँचिनीलचा चीक पाण्यात उतरतो आणि ते पाणी कातडी सोलून काढतं. त्याची फळं पिवळट, छोटी, वासाला गोड. खाल्लं की घसा सुजून बंद होतो.

म्हातारीच्या हाताशी एक रुमाल उघडा पडला होता. त्यात छोटे पेरू होते, आणि पेरूंमध्ये मिसळलेली तसलीच दुसरी फळं. एक अर्धं खाल्लेलं होतं.

"कॉर्पोरल," मागून फिट्झरॉय लेंडोर हळूच म्हणाला, "हिला मागच्या वाटेने नेता येईल का? समोरून नेलं तर न्याहारीला बसलेल्या पाहुण्यांना दिसेल."

फिट्झरॉयचा जन्म इथलाच. उभी हयात ब्रुकलिनमध्ये काढून तो परत आला होता आणि या किनाऱ्यावर त्याने गेस्टहाऊस बांधलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'अस्पर्श बेट'.

"न्याहारीला काय आहे?" ऑडेलियाने विचारलं.

"तळलेली केळी. का?"

"काही नाही. तुला भूक आहे याचं नवल वाटलं."

तो ओशाळला, पण थांबला नाही. "हे बघ, मासिकाची माणसं येतायत सोमवारी. फोटो काढायला. सगळ्या बेटाचं भलं आहे त्यात. आणि यात माझा काय दोष? झाडावर लाल पट्टा असायला हवा होता. तो कुठाय?"

ऑडेलियाने बुंध्याकडे पाहिलं. छातीच्या उंचीवर दरवर्षी धोक्याचा जाडजूड लाल पट्टा असतो. लहानपणापासून ती तो बघत आली होती. आज तिथे नुसता राखाडी बुंधा होता. शेजारच्या झाडावर तेच. त्याच्या पलीकडच्या झाडावरही तेच.

"त्या बेवड्या अ‍ॅन्सेल्मने या वर्षी रंग लावलाच नाही," फिट्झरॉय म्हणाला. "माणूस मारला त्याने."

२

दुपारपर्यंत सगळं बेट तेच बोलत होतं. मोठ्या बेटावरून सार्जंटचा फोन आला: अ‍ॅन्सेल्म बेथलला आत टाक, शुक्रवारी लाँच येईल, त्याला पाठवून दे. गोऱ्या बाईचा मृत्यू आहे, वरून विचारणा होतेय, कुणीतरी हातात हवं.

कुणीतरी. ऑडेलियाला तो शब्द दिवसभर दाताखाली खड्यासारखा लागत राहिला.

अ‍ॅन्सेल्म कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. हडकुळा, म्हातारा, एका डोळ्यात मोतीबिंदू. बायको गेलेली, मूलबाळ नाही. बेटाच्या पंचायतीने त्याला एकच काम दिलं होतं, वादळांचा हंगाम सरला की मँचिनीलच्या प्रत्येक झाडाला लाल पट्टा मारायचा. त्या कामाबद्दल त्याला जेवढा अभिमान होता तेवढा पाद्र्याला चर्चबद्दल नव्हता.

"खरं सांग, मारला होतास पट्टा?"

"मारला होता गं. आईच्यान."

"पिऊन?"

"थोडी घेतली होती. हात थरथरतात ना, घेतल्याशिवाय ब्रश धरवत नाही. ओघळबिघळ आले असतील. पण मारला होता."

"मग गेला कुठे?"

"ते मला काय विचारतेस? पोलीस तू आहेस!" मग त्याचा आवाज खाली आला. "मला तिकडे पाठवू नकोस, ऑडेलिया. तिथल्या तुरुंगात मी मेलो तर मला इथे कोण आणून पुरेल?"

त्याच वेळी दारात बांगड्या वाजल्या. मिस युलाली कंप्टन सुपाचं भांडं घेऊन आल्या होत्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, बेट-सुशोभन मंडळाच्या अध्यक्षा आणि ऑडेलियाची नेनेन, म्हणजे धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी याच बाईने तिला कडेवर घेतलं होतं, आणि आई गेल्यावर वाढवलंही होतं.

"घे रे अ‍ॅन्सेल्म, पोटात काहीतरी घाल," नेनेन म्हणाली. "पाप तुझं असलं तरी भूक देवाने दिलीय." मग ऑडेलियाकडे वळून, "आणि तू काय खाल्लंस? तोंड बघ कसं झालंय. हा नीरफणस आणलाय तुला, आत्ताच काढला. भाजून खा."

ऑडेलियाने नीरफणस हातात घेतला. त्याच्या हिरव्या सालीवर राखाडी ओरखडा होता. तिने तो अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला, निघाला नाही. नेनेनच्या हातातल्या चांदीच्या बांगड्या लखलखत होत्या. पाहुण्यांसाठी सगळं बेटच घासूनपुसून निघालं होतं, तशा त्याही.

"नेनेन, तो रुमाल तुझा आहे. कोपऱ्यातलं भरतकाम ओळखलं मी."

"माझाच. रविवारी चर्चमधून निघताना भेटली बिचारी. पेरू दिले मी तिला त्यात बांधून. नवरा गेल्यावर एकटीच फिरायला आलेली. म्हणाली, इथे किती शांत आहे हो." नेनेनने डोळ्यांना पदर लावावा तसा हातरुमाल लावला. "मला काय माहीत, तसंच दिसणारं दुसरं फळ ही वेचून खाईल!"

"त्या किनाऱ्यावर तू गेली होतीस का इतक्यात?"

"समुद्रातून ते कुजकं शेवाळ वाहून आल्यापासून पाऊल टाकलेलं नाही बाई. माझ्या दम्याला तो वास सोसतो का?"

कोठडीत अ‍ॅन्सेल्म सूप भुरकत होता. "देवमाणूस आहात, मिस युलाली," तो म्हणाला.

३

तिसऱ्या दिवशी ऑडेलिया गेली तेव्हा कॅप्टन थाडियस बोटीखाली उताणा पडून बुडाला रंग देत होता. बेटावर येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याच बोटीतून येतो.

"मीच आणली तिला," तो आडवाच म्हणाला. "मला लिमलेटची गोळी दिली. या वयात मला कुणी गोळी देत नाही."

"अ‍ॅन्सेल्मला या वर्षी रंग कुणी दिला?"

"मीच. दुकानातला भडक लाल संपला होता, म्हणून हा दिला, बुडाला लावतो तो." त्याने ब्रश दाखवला. रंग विटकरी होता. "दरवर्षीचा नाही बरं का हा. या वर्षी पहिल्यांदाच दिला."

"आणि राखाडी?"

कॅप्टन हसला. "माझ्या राखाडीने अर्धं बेट रंगलंय. डबा इथे उघडाच असतो. शाळेची बाकं, चर्चचं कुंपण, तुझ्या चौकीचं दारसुद्धा. ज्याला हवा तो नेतो, विचारतंय कोण?" मग तो बाहेर येऊन बसला, हसू विरलं. "ऑडेलिया, त्या झाडाने माझ्या धाकट्या भावाचा डोळा घेतला, माहितीये ना? पट्टा पुसणारा सापडला तर मला आधी सांग."

"पट्टा पुसला असं कोण म्हणालं?"

"अ‍ॅन्सेल्म दारुडा आहे, खोटारडा नाही."

ऑडेलिया तिथून थेट किनाऱ्यावर गेली. ऊन कडक पडलं होतं, पानं कोरडी होती. वारा फिरला आणि झाडीमागून तो वास आला. कुजलेल्या अंड्यांचा, मेलेल्या माशांचा, कुणाच्या तरी न धुतलेल्या तोंडाचा. महिनाभर समुद्राने तपकिरी शेवाळ या किनाऱ्यावर ओकलं होतं, कमरेएवढे ढीग. ते ट्रॅक्टरने उचलून फिट्झरॉयने कुठे नेलं, हे आता नाकाला कळत होतं. पडदा म्हणून लावलेल्या झुडपांमागे ते तसंच कुजत पडलं होतं. त्यावर माश्यांचा काळा थर होता. आणि पुढे पाटी, 'अस्पर्श बेट'.

तिने नाकाला रुमाल लावला आणि बुंध्याकडे गेली. काठीने बुंध्याभोवतीचा उरलासुरला वाळका चोथा बाजूला सारला. सारता सारता तिचा हात थांबला.

झाडाची साल राखाडी होती, पण वरची राखाडी सालीची नव्हती. तो रंग होता. तो गुडघ्याच्या वर सरळ रेषेत संपत होता, जणू कुणी पाण्याची पातळी आखावी. त्या रेषेखाली खरी, खरबरीत, तपकिरी झाक असलेली साल होती. आणि त्या सालीवर मुळापर्यंत उतरलेले ओघळ होते.

विटकरी ओघळ.

४

म्हणजे अ‍ॅन्सेल्मने पट्टा मारला होता, आणि याच वर्षी मारला होता. त्याच्या थरथरत्या हाताने खाली ओघळ सोडले होते. नंतर शेवाळ आलं आणि बुंधा गुडघ्याच्या वरपर्यंत त्यात बुडाला. मग कुणीतरी पट्टा राखाडी रंगाने झाकला, पण शेवाळाच्या वर जेवढं दिसत होतं तेवढंच. ट्रॅक्टरने ढीग उचलला आणि खालचे ओघळ उघडे पडले. कुणी वाकून पाहिलं नाही, एवढंच.

तिला आणखी एक गोष्ट दिसली. रंगाचे फटकारे लांबून मारलेले होते, वाकडे, फांदीफांदीतून हात राखून. ब्रश लांब काठीला बांधला होता. परका माणूस सरळ बुंध्याला भिडला असता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातावर फोड आले असते. हे काम या झाडाला भिऊन वाढलेल्या माणसाचं होतं. आपल्यातल्याच.

फिट्झरॉय व्हरांड्यात चमचे घासत बसला होता.

"शेवाळ होतं तेव्हा तू कुठे होतास?"

"मोठ्या बेटावर, ट्रॅक्टर मिळवायला. ढीग लागायच्या आधीच गेलो आणि ट्रॅक्टर घेऊनच आलो. थाडियसला विचार." त्याने एक चमचा तिच्यापुढे नाचवला. "हे बघ काय झालंय! आईची चांदी. घर बंद होतं तरी त्या घाणीच्या वाफेने काळीठिक्कर पडली. पितळी कड्यासुद्धा. दोन दिवस घासतोय, नक्षीतला काळेपणा निघत नाही."

"पट्टे झाक असं तू कुणाला सांगितलं होतंस?"

"मी? मी फक्त मंडळाच्या बैठकीत म्हणालो होतो की फोटोत ते वाईट दिसतात. महारोग झाल्यासारखे. सगळे होते तिथे. कुणी नाही म्हणालं नाही." त्याने चमचा खाली ठेवला. "मी झाका म्हणालो नव्हतो, कॉर्पोरल. नुसतं बोललो होतो."

"हो. तुझे हात नेहमीच स्वच्छ असतात."

ती उठली, पायऱ्या उतरली, आणि मधल्याच पायरीवर खिळली. नक्षीतला काळेपणा.

नेनेनच्या बांगड्या. तिच्या आईच्या आईपासून आलेल्या. त्यांच्या नक्षीत काळं बसलेलं असायचं, आणि लहानपणी ऑडेलियाने एकदा राख लावून त्या घासायला घेतल्या तेव्हा नेनेनने तिच्या हातावर फटका मारला होता. तो काळेपणा माझ्या आईच्या हाताचा आहे, म्हणाली होती, त्याला कुणी हात लावायचा नाही. आयुष्यभर कुणी लावला नव्हता.

आणि परवा त्या खाचाखोचांसकट लखलखत होत्या.

नेनेनचं ते सूप ऑडेलियाही दोनदा प्यायली होती.

५

नेनेन अंगणात होती. नीरफणसाच्या झाडाखाली टोपली, आणि झाडाला टेकवलेली फळं पाडायची लांब बांबूची काठी. ऑडेलियाने नमस्कार केला नाही. ती सरळ काठीपाशी गेली आणि टोक खाली घेतलं. टोकाला सुतळीच्या खुणा होत्या, आणि वाळलेला राखाडी रंग.

"माझ्या नीरफणसावर हाच रंग लागला होता," ती म्हणाली.

"कुंपण रंगवलं ना चर्चचं," नेनेन म्हणाली.

"कुंपण कमरेएवढं आहे. त्याला इतकी लांब काठी लागते?"

नेनेनने काठी तिच्या हातातून घेऊन परत झाडाला टेकवली.

"बांगड्या का घासल्यास, नेनेन?"

मग नेनेन बाकावर बसली, पाठ ताठ, वर्गात बसायची तशी.

"कोळशासारख्या झाल्या होत्या," ती म्हणाली. "सारी सकाळ त्या घाणीत उभी होते. दम लागून मरायची वेळ आली होती. कुणासाठी? या बेटासाठीच ना! पाहुणे आले तर कामं येतील, कामं आली तर माझी कोरीन पोरं घेऊन टोरांटोहून परत येईल. नातवंडांचे चेहरे मी फोनवर बघते, ऑडेलिया. त्यांना माझ्या हाताचं जेवण माहीत नाही."

"म्हणून पट्टे पुसलेस."

"अगं, पट्टा हवाय कुणाला?" ती उसळली. "आपल्यातलं रांगतं पोर त्या झाडाखाली जात नाही! मी जन्मात कधी पट्टा बघून ते झाड ओळखलेलं नाही. तू ओळखलंस? मग तो पट्टा होता कुणासाठी?"

"तिच्यासाठी होता, नेनेन."

नेनेनचं तोंड उघडं राहिलं. ऑडेलियाला त्या क्षणी दिसलं की हे तिच्या खरोखरच ध्यानात आलं नव्हतं. शाळेत पिढ्या शिकवलेल्या बाईच्या. चूक तिथेच संपली असती तर ऑडेलिया तिच्या पायाशी बसून रडली असती.

"ठीक आहे, ध्यानात आलं नाही," ती म्हणाली. "पण ती मेल्यावर तर आलं? रुमाल तुझा, पेरू तुझे. आणि तू रोज कोठडीत जाऊन त्या माणसाला सूप पाजत होतीस."

"मग काय उपाशी ठेवायचं होतं त्याला?"

"पाप तुझं असलं तरी, म्हणालीस तू त्याला! माझ्यासमोर!"

"हळू बोल, शेजारी ऐकतील." नेनेन पुढे वाकली, आवाज एकदम मऊ झाला, ताप आल्यावर कपाळावर हात ठेवताना व्हायचा तसा. "पोरी, डोकं शांत ठेव. त्याचं कोण आहे? कुणी वाट बघत नाही. आत गेला तर दारू सुटेल, दोन वेळचं मिळेल. निष्काळजीपणाची शिक्षा ती किती? माझं मात्र सगळं जाईल. कोरीन कशाला येईल मग? तुला मी वाढवलंय. मी काही मागितलंय का कधी?"

तिचा हात ऑडेलियाच्या मनगटावर आला. बांगड्या थंड होत्या. ऑडेलियाला किनाऱ्यावरचा तो वास आला, खरंच आला, भर अंगणात, आणि तिने हात झटकला.

"टोपी घाल," ती म्हणाली. "चर्चची. लाँच येईल तेव्हा नीट दिसायला हवीस."

६

शुक्रवारी लाँच आली तेव्हा धक्क्यावर सगळं गाव होतं. सार्जंटने ओघळांचे फोटो पाहिले, काठी पाहिली, मिस युलालीचा जबाब ऐकला आणि निमूटपणे कागदावरचं नाव बदलून घेतलं. ती टोपी घालून, पाठ ताठ ठेवून लाँचमध्ये चढली. बायका रडत होत्या. अ‍ॅन्सेल्मला कोठडीत नेलं तेव्हा यातली एकही रडली नव्हती.

"परक्या बाईसाठी स्वतःच्या नेनेनला पाठवलंस," चर्चची ऑर्गनवाली ऑडेलियाच्या तोंडावर म्हणाली. "तुझ्या आईला काय वाटलं असतं?"

"तुम्ही होता ना त्या बैठकीत?" ऑडेलियाने विचारलं. "पट्टे वाईट दिसतात म्हटलं तेव्हा?"

ऑर्गनवालीने मान फिरवली. तिच्या मागच्यांनीही फिरवली. पुसलेले पट्टे निम्म्या गावाने पाहिले होते, हे ऑडेलियाला त्या फिरलेल्या मानांवरून कळलं. पाहिले होते आणि घरी जाऊन जेवले होते. तिला धक्क्यावरच थुंकावंसं वाटलं. गणवेशात होती म्हणून गिळलं.

अ‍ॅन्सेल्म गर्दीत नव्हता. कोठडीचं दार उघडल्यावर त्याने आदल्या दिवशीचं सूप भांड्यासकट गटारात ओतलं होतं आणि कॅप्टन थाडियसकडून विटकरी रंगाचा डबा घेऊन तो निघून गेला होता. किनाऱ्यावरच्या सगळ्या झाडांवर आता ओले पट्टे होते, पूर्वीपेक्षा दुप्पट रुंद. मासिकाची माणसं यायची तेव्हा येवोत.

तो सापडला नेनेनच्या अंगणात. नीरफणसाच्या झाडापाशी गुडघ्यावर बसून बुंध्याला पट्टा मारत होता.

फिट्झरॉय कुंपणाबाहेर हातवारे करत होता. "कॉर्पोरल, बघ हा काय करतोय! चांगलं खायचं झाड आहे ते! दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस हा गुन्हा नाही का?"

"अ‍ॅन्सेल्म," ऑडेलिया म्हणाली, "हे नीरफणसाचं आहे."

"माहितीये मला," तो मान न वळवता म्हणाला.

या झाडाखाली ती चालायला शिकली होती. याची फळं खाऊन वाढली होती. तिने फाटक उघडलं, आत गेली, आणि जमिनीवर तिरका झालेला डबा उचलून त्याला ब्रश पोचेल असा हातात धरला.

अ‍ॅन्सेल्मने ब्रश बुडवला. त्याचा हात थरथरत होता, आणि पट्ट्याखालून रंग मुळांकडे उतरू लागला.

"ओघळ येतायत गं," तो म्हणाला.

"येऊ देत."